आरशाखालच्या बटणाचा पल्ला : गाडीतल्या गॅरेज-रिमोटची पार्श्वभूमी

अमेरिकी उपनगरात घराच्या गल्लीत गाडी वळवली की आरशाखालचे बटण दाबायचे आणि गाडी दारात पोहोचेपर्यंत गॅरेजचे दार वर गेलेले असायचे, एवढीच अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकांना बंपर दाराला टेकायची वेळ येईपर्यंत बटण दाबत राहावे लागते, आणि कपहोल्डरमध्ये पडलेला जुना सुटा रिमोट मात्र तेच दार कोपऱ्यावरूनच उघडतो. यावरून गाडीतला रिमोट खराब आहे असे ठरवून लोक थेट डीलरकडे जातात. हा निष्कर्ष पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. गाडीतल्या रिमोटच्या हाताशी इशाऱ्याच्या ताकदीची शिल्लक मुळातच कमी असते, आणि गॅरेजच्या बाजूला काही बिघडले की त्याचा फटका आधी त्यालाच बसतो. ही शिल्लक इतकी कमी का राहिली, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

वर सरकणारे घडीचे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणले आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटार जोडली. रेडिओने चालणारे ओपनर, म्हणजे दार वर-खाली करणारे मोटारीचे संच, सर्वसामान्यांच्या घरांत आले ते १९५० च्या दशकात. ओहायोतल्या अलायन्स कंपनीचा ‘जीनी’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. सुरुवातीच्या संचांत सांकेतिक क्रमांक नावाची गोष्टच नव्हती. ठरलेल्या फ्रीक्वेन्सीचा इशारा आला की दार उघडायचे, मग तो शेजाऱ्याच्या रिमोटचा का असेना. त्यावर उपाय म्हणून पुढे आठ ते बारा छोट्या खटक्यांची पट्टी आली, म्हणजे २५६ ते ४,०९६ संकेत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर दर दाबणीला बदलणारा संकेत आला. या सगळ्या काळात चोरीचा प्रश्न सुटत गेला. पल्ल्याचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला, कारण त्याचे मूळ कायद्यात आहे.

हे रिमोट अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेच्या ‘पार्ट १५’ नियमांखाली विनापरवाना चालतात. परवाना नाही, म्हणून हक्कही नाही. इतर कोणाला अडथळा करायचा नाही आणि इतरांचा अडथळा मात्र निमूटपणे सोसायचा, ही त्याची अट. बटण सोडल्यावर पाच सेकंदांच्या आत इशारा बंद झालाच पाहिजे. ताकदीची मर्यादा तीन मीटरवर मोजलेल्या क्षेत्रतीव्रतेत ठरवलेली आहे आणि ती फ्रीक्वेन्सीनुसार बदलते : ३९० मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे ९,१७० मायक्रोव्होल्ट, तर ३१५ मेगाहर्ट्झला सुमारे ६,०४०. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे उद्योग पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळला. मर्यादा तोकडी आहे याचे फार दुःख करण्याचेही कारण नाही. दार डोळ्यांसमोर असतानाच ते चालवावे, असे ओपनरच्या माहितीपुस्तिकाच बजावतात.

सुटा रिमोट सन व्हायझरला चिमट्याने अडकवलेला असे. उन्हात तापे, ब्रेक मारला की मांडीवर पडे. तो गाडीच्या अंगातच बसवण्याची कल्पना व्हायझर बनवणाऱ्यांकडूनच आली, यात नवल नाही. मिशिगन राज्यातल्या हॉलंड गावची प्रिन्स कॉर्पोरेशन ही कंपनी दिव्याच्या आरशाच्या व्हायझरसाठी ओळखली जाई. तिने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘होमलिंक’ हा गाडीतच बसवलेला रिमोट आणला. १९९६ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सने प्रिन्सचा गाड्यांच्या भागांचा व्यवसाय विकत घेतला, आणि २०१३ मध्ये होमलिंक सुमारे ७० कोटी डॉलरला जेंटेक्सकडे गेले. जेंटेक्स ही शेजारच्याच झीलंडची, आपोआप काळवंडणारे आरसे बनवणारी कंपनी. तिच्या आरशांत होमलिंकची बटणे आधीपासूनच बसत होती, त्यामुळे हा व्यवहार घरातल्या घरात झाल्यासारखाच होता.

तांत्रिकदृष्ट्या होमलिंकने एक तडजोड पत्करली. सुट्या रिमोटचा अँटेना एकाच फ्रीक्वेन्सीसाठी बेतलेला असतो. गाडीतल्या यंत्राला मात्र साधारण २८८ पासून ४३३ मेगाहर्ट्झपर्यंत कोणाचीही नक्कल करता आली पाहिजे, आणि तीही तळहातात मावणाऱ्या जागेतून. जो सगळ्यांचे बोलणे बोलतो, त्याचा एकेक उच्चार मूळ माणसाइतका खणखणीत असेलच असे नाही. मूळ रिमोट जवळ धरून गाडीच्या बटणाला त्याची नक्कल शिकवताना त्या रिमोटमध्ये नवी बॅटरी घाला, म्हणजे फ्रीक्वेन्सी नेमकी उचलली जाईल, असे गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. ही सूचना वाचकाच्या नजरेतून हमखास निसटते. अर्धमेल्या बॅटरीवर शिकवलेले बटण पल्ल्यात मार खात असेल, तर शिकवणी पुसून नव्या बॅटरीने पुन्हा करणे हा फुकटातला पहिला उपाय.

जागेचाही प्रश्न आहे. छतातून आणि व्हायझरमधून बटणे आरशात गेली, आणि त्याच सुमारास उष्णता परतवणाऱ्या काचा वाढल्या. या काचांत धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो उन्हाची धग अडवतो आणि रेडिओलहरीही अडवतो. टोलचे टॅग अशा काचेमागून वाचले जात नाहीत, म्हणून आरशाजवळ थर नसलेली खिडकी सोडण्याची पद्धत पडली. भारतात फास्टॅग लावणाऱ्यांनाही धातुलेपित काचेचा हाच त्रास होतो. नंतर चिकटवलेली धातूयुक्त सनफिल्म तर अशी खिडकी सोडतच नाही. काही जर्मन गाड्यांत आणि टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये यंत्र पुढच्या बंपरमागे बसवतात. त्यामागे अनेक कारणे असतील, पण काचेचा अडसर टळतो हा फायदा उघड आहे. अशा गाडीत शिकवताना रिमोट आरशाशी नव्हे तर पुढच्या जाळीशी धरावा लागतो, हे माहीत नसल्याने कित्येकांची सकाळ वाया जाते.

यानंतरचा धक्का अनपेक्षित ठिकाणाहून आला. २२५ ते ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः लष्कराच्या वापराचा. ३९० मेगाहर्ट्झवरचे ओपनर तिथे अनेक वर्षे बिनबोभाट नांदत होते, कारण घरमालक जागा वापरत नव्हता. पुढे लष्करी तळांवर ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालणारे नवे रेडिओसंच बसू लागले. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळाच्या आसपास ते सुरू झाले आणि परिसरातल्या रिमोटांचा पल्ला अचानक आखडला; काही दारे तर हलेनातच. तक्रार कोणाकडे करणार? पार्ट १५ ची अट आठवा. उद्योगाने निमूटपणे ३१५ मेगाहर्ट्झकडे मोर्चा वळवला. गोंगाट टळला, पण परवानगीची क्षेत्रतीव्रता सुमारे एक तृतीयांशाने खाली आली. २०११ मध्ये चेंबरलेन-लिफ्टमास्टर या ओपनर बनवणाऱ्या कंपनीने ३१०, ३१५ आणि ३९० अशा तीन फ्रीक्वेन्सी वापरणारी पद्धत आणली, म्हणजे एक वाट अडली तर दुसरी मोकळी. या घराण्यातल्या ओपनरची पिढी त्याच्याच मोटारीवरच्या ‘लर्न’ बटणाच्या रंगावरून कळते : लाल किंवा नारिंगी म्हणजे ३९०, जांभळा म्हणजे ३१५, पिवळा म्हणजे ही तीन वाटांची पद्धत. २०११ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना पिवळ्या बटणाची भाषा येत नाही. त्यांच्यासाठी भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा दुभाषा-डबा मिळतो. त्या स्थितीत गाडीचा इशारा आधी त्या डब्यापर्यंत पोहोचावा लागतो, त्यामुळे डबा फ्रीजच्या मागे लावला तर पल्ल्याची तक्रार आपण स्वतःच विकत घेतलेली असते.

आणि मग आले दिवे. अमेरिकेच्या २००७ च्या ऊर्जा कायद्यानुसार २०१२ ते २०१४ या काळात १०० ते ४० वॉटचे नेहमीचे तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून हटले आणि ओपनरच्या मोटारीवर लोकांनी एलईडी बल्ब लावले. स्वस्त एलईडीच्या आतले स्विचिंग सर्किट थोडा रेडिओ-कचरा बाहेर टाकते, आणि हा बल्ब असतो रिसीव्हरच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर. याची खूण मोठी मजेदार आहे. संध्याकाळी घरी येताना हा दिवा बंद असतो, म्हणून दार व्यवस्थित उघडते. सकाळी मात्र भिंतीवरच्या बटणाने दार उघडून (तेव्हा दिवाही लागतो) गाडी बाहेर काढावी आणि आरशाखालचे बटण दाबावे, तर दार बंदच होत नाही. चार-साडेचार मिनिटांनी दिवा आपोआप मालवला की तेच बटण त्याच जागेवरून मुकाट्याने काम करते. ही खूण दिसली तर गाडीला हात लावू नये. बल्ब काढून पाहावा; फरक पडला तर ओपनरसाठी म्हणून विकला जाणारा, कमी गोंगाटाचा बल्ब बसवावा.

बल्बच्या शेजारीच मोटारीच्या पेटीतून एक बारीक वायर बाहेर आलेली असते. तोच अँटेना. ती सरळ खाली लोंबती असावी लागते. पाव तरंगलांबीचा हिशेब केला तर ३१५ मेगाहर्ट्झला सुमारे २४ सेंटिमीटर आणि ३९० ला १९, म्हणजे ती मुद्दामच तेवढी ठेवलेली असते. पण दिसायला ती एखाद्या विसरलेल्या तुकड्यासारखी दिसते. मग कोणी ती वर गुंडाळून लोखंडी पट्टीखाली खोचतो, तर कोणी नीटनेटकेपणाच्या नादात कापूनच टाकतो. स्टुलावर चढून ती वायर सोडवून खाली लोंबकळू देणे, या एका कामाने पुष्कळ तक्रारी मिटतात.

नेमका दोष कुठे आहे हे ठरवण्याची पद्धत सोपी आहे. एकाच जागी गाडी उभी करून आधी आरशाखालचे बटण आणि मग सुटा रिमोट काचेबाहेर धरून दाबून पाहावा. दोन्ही जवळूनच चालत असतील तर दोष गॅरेजचा आहे. सुटा दुरून चालतो पण गाडीचा चालत नाही, तर काच, शिकवणी किंवा खुद्द यंत्र यांचा विचार करावा. पण त्यातही गॅरेजची बाजू आधी सुधारली तर गाडीच्या तुटपुंज्या इशाऱ्याला पुरेशी शिल्लक मिळते आणि महागडे यंत्र बदलण्याची वेळ बहुधा येत नाही. दार पोलादी असेल आणि त्याला आतून चंदेरी अस्तराचे इन्सुलेशन असेल, तर वायर सरळ करूनही भागत नाही. तेव्हा कोअ‍ॅक्सियल केबलचा संच घेऊन अँटेना दाराच्या चौकटीपाशी किंवा बाहेर न्यावा. केबल पुरेशी लांब घ्यावी, चौकटीत भोक पाडावे आणि बाहेरच्या टोकाला पन्हाळीच्या पत्र्यापासून चार बोटे दूर ठेवावे.