मोबाइलमुळे मेट्रो कार्ड ‘पुसलं’ जात नाही

फोनच्या कव्हरमध्ये मेट्रो कार्ड किंवा ऑफिसचं आयकार्ड ठेवलं की चुंबकामुळे ते पुसलं जातं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. ही भीती जुन्या काळ्या चुंबकीय पट्टीपुरती खरी होती. टॅप करायच्या कार्डात माहिती चिपमध्ये असते आणि पर्सच्या चुंबकाने चिपला काही होत नाही. कार्डात बॅटरीही नसते. आतली बारीक तारेची वेटोळी मेट्रोच्या गेटवरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींमधून वीज मिळवते.

मग गेट का अडतं? कव्हरमधली धातूची चकती त्या लहरी अडवते, किंवा पाकिटातली दोन कार्डं एकदमच बोलू लागतात. कार्ड वेगळं काढून टेकवा, बहुतेकदा काम होतं. मेट्रो-बसला एकच चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात ऑनलाइन भरलेले पैसे आधी कार्ड मशीनवर टेकवून चिपवर उतरवावे लागतात. ते राहिलं की लोक म्हणतात, ‘पुसलं!’

आयकार्डाचा खरा वैरी म्हणजे दोरी ओवायला भलत्याच जागी मारलेलं भोक. आतली तार तुटते, कार्ड मात्र वरून नवंकोरं दिसतं. तिथे नवीन कार्डच घ्यावं लागतं.