गुलबक्षी: परसातून प्रयोगशाळेपर्यंत

गुलबक्षी आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती परमुलखातली असेल असं वाटत नाही. नर्सरीत ती सहसा कुणी मागत नाही. शेजारून मूठभर काळ्या, सुरकुतलेल्या बिया आणल्या की झालं. एकदा जमिनीत जाड कंद धरला की वरचं झाड वाळलं तरी पावसाबरोबर पुन्हा फुटवे येतात. परसदारचं झाड म्हणून तिला फार हलक्यात घेतलं गेलं, असं मला मनापासून वाटतं.

मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. 16व्या शतकात ती युरोपातल्या बागांत पोहोचली आणि पुढे जगभर पसरली. मेक्सिकोतल्या जलापा शहराकडून येणारी रेचक मुळी हिचीच, असा त्या काळी समज होता. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलेल्या शास्त्रीय नावात ‘जलापा’ राहून गेलं. ती मुळी खरं तर रताळ्याच्या कुळातल्या एका वेलीची.

तिचा खरा मान मात्र आनुवंशशास्त्रात आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं विस्मृतीत गेलेलं काम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स. त्याने गुलबक्षीवर संकराचे बरेच प्रयोग केले. एका फुलाला एकच बी धरते, त्यामुळे शंभर रोपं हवी असतील तर निदान शंभर फुलांवर हाताने पराग लावायचे! लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुलं आली आणि त्यांच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी 1:2:1 या प्रमाणात.

त्याहून मोठी गोष्ट पानांची. काही झाडांवर हिरव्या, पांढऱ्या आणि कबऱ्या पानांच्या फांद्या एकत्र असतात. पराग कुठल्याही फांदीचा घ्या, रोपाचा रंग ठरतो बी धरणाऱ्या फांदीवर. हिरव्या फांदीच्या बियांतून हिरवीच रोपं येतात. पांढरीच्या बियांतून पांढरी, ती हरितद्रव्याअभावी मरतात. कबरीच्या बियांतून तिन्ही प्रकारची. हे कॉरेन्सने 1909 साली मांडलं. हरितलवके, म्हणजे पेशीतले हरितद्रव्य असलेले कण, बीजांडातून, म्हणजे आईकडूनच येतात, हा यामागचा उलगडा. आनुवंशिकतेचा काही भाग पेशीकेंद्राबाहेरही असतो, हे अशा प्रयोगांतून पुढे आलं.

लाल-गुलाबी-पांढऱ्याचा तक्ता आजही बारावीची मुलं वहीत काढतात. शाळेच्या कुंपणालगत जूनमध्ये चार बिया टोचल्या, तर त्याच वर्षी फुलं समोर दिसतील. बिया विषारी असतात, तेवढं लहान मुलांकडे लक्ष ठेवावं.