दरवर्षी दोन सेंटीमीटर, आणि मग एकदम धाडकन: ट्वेल्व्ह अपॉसल्सची गोष्ट

मेलबर्नला मुलाकडे नाहीतर बहिणीकडे जाऊन आलेल्या नाशिककरांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. निळ्या समुद्रात उभे पिवळट दगडाचे उंच खांब आणि पुढे कठड्याला टेकून उभी सगळी फॅमिली. ही जागा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्ट कॅम्पबेल नॅशनल पार्कमधला ट्वेल्व्ह अपॉसल्सचा व्ह्यूपॉइंट. तिथं ग्रेट ओशन रोडने जातात, २४३ किलोमीटरचा रस्ता, पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधलेला, त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. मला बोलायचंय ते खांबांबद्दल. कारण लोक तिथं थोडा वेळ थांबतात, फोटो काढतात आणि एकच माहिती घेऊन परत येतात, की समुद्र हे खांब तळाशी दरवर्षी साधारण २ सेंटीमीटर झिजवतो. ऐकून वाटतं चला, निवांत काम चाललंय. पण हा सरासरीचा आकडा आहे आणि कडा काही सरासरीने पडत नाही.

आधी दगड समजून घेऊ. आपल्याकडे ब्रह्मगिरी घ्या, अंजनेरी घ्या, सगळा काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिकडचा दगड वेगळाच, चुनखडीचा. मोटामोटी एक ते दोन कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ समुद्र होता, त्यातल्या बारीक बारीक जिवांचे शिंपले, सांगाडे तळाशी साचत गेले, दाबले गेले आणि त्याचा दगड झाला. कड्यावर ज्या आडव्या रेघा दिसतात ते हेच थर. चुनखडीचा स्वभाव बघायचा असेल तर ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही, घरातल्या जुन्या शहाबादी फरशीवर लिंबू पिळून बघा, बारीक फेस येतो आणि पांढरट डाग पडतो तो कायमचा, कारण शहाबादी पण चुनखडीच आहे आणि चुन्याचं आणि आंबटाचं जमत नाही. (आई रागावेल, कोपऱ्यातल्या फरशीवर करा.) पोर्ट कॅम्पबेलची चुनखडी तर शहाबादीपेक्षा कितीतरी तरुण आणि कितीतरी मऊ. पावसाच्या पाण्यात थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तेवढ्या आंबटपणानेसुद्धा ती विरघळत जाते, म्हणजे वरून पाऊस आणि खालून समुद्र असं दोन्हीकडून चालू असतं.

आता खरी गंमत लाटांची. तिथं समोर सदर्न ओशन आहे, थेट अंटार्क्टिकापर्यंत मध्ये अडवायला जमीन नाही, वाऱ्याला हजारो किलोमीटर मोकळं रान मिळतं आणि त्यात तयार झालेल्या लाटा या किनाऱ्यावर येऊन आदळतात. पण त्या सगळीकडे सारख्या जोराने आदळत नाहीत. लाटेचा जो भाग आधी उथळ पाण्यात येतो तो हळू होतो, उरलेला भाग खोल पाण्यात त्याच वेगाने पळत असतो, त्यामुळे आख्खी लाट उथळ बाजूकडे वळते, शेतात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गेलं की तो त्याच बाजूला ओढला जातो ना, अगदी तसं. जमिनीचं जे टोक समुद्रात पुढे आलेलं असतं त्याच्या आजूबाजूला पाणी उथळ, म्हणून लाटा दोन्ही बाजूंनी वळून नेमक्या त्या टोकावरच येतात आणि मधल्या खाडीत मात्र जोर पसरून कमी होतो. म्हणजे जे पुढे आलंय त्यालाच सगळ्यात जास्त मार.

टोकाला दोन्हीकडून मार बसला की दगडातल्या उभ्या भेगा उघडायला लागतात. लाट भेगेत घुसते तेव्हा आतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती फाटकन मोकळी होते, आणि हे रात्रंदिवस चालू, त्यात लाटेबरोबर आलेले गोटे घासतात ते वेगळंच. मग भेगेची गुहा होते, दोन्ही बाजूच्या गुहा आत भेटल्या की कमान होते, कमानीचं छत पडलं की पलीकडचा तुकडा एकटा उभा राहतो, तोच आपला फोटोतला खांब. खांबाच्या तळाशी पुन्हा खाच पडत जाते, वरचं वजन तेवढंच राहतं, आधार कमी कमी होतो आणि एक दिवस संपलं.

हे पुस्तकी नाहीये, लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. जवळच लंडन ब्रिज नावाची दोन कमानींची रचना होती, माणसं त्यावरून चालत टोकापर्यंत जायची. १५ जानेवारी १९९० ला जमिनीकडची कमान कोसळली आणि दोन पर्यटक समुद्रातल्या उरलेल्या तुकड्यावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं, नशिबाने कोणाला इजा झाली नाही. मग ३ जुलै २००५ ला अपॉसल्सपैकीच सुमारे ५० मीटर उंच एक खांब बघता बघता खाली आला, उरला फक्त दगडांचा ढीग. २ सेंटीमीटर वगैरे त्या आकड्यात हे दिवस बसलेले असतात, दिसत मात्र नाहीत. आपल्या कसारा घाटात पावसाळ्यात दरड येते तेव्हाही तेच, भेगांत पाणी किती वर्षं काम करत असतं कोणाला दिसत नाही आणि बातमी येते ती एका मिनिटाची.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट मात्र पाण्याखालची आहे. २०१६ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की किनाऱ्यापासून ६ किलोमीटर आत, सुमारे ५० मीटर खोलीवर असेच पाच खांब समुद्रतळावर आहेत, सोनारने, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राने, तळाचा नकाशा काढताना सापडले. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरहून जास्त खाली गेली होती, म्हणजे पातळी वरखाली होताना किनारा कधीतरी तिथं होता आणि तिथंही हाच उद्योग चालला होता, मग बर्फ वितळलं, पाणी वर चढलं आणि लाटांचा मारा डोक्यावरून निघून गेला म्हणून ते वाचले. आजचा किनारा जवळपास आहे तिथं येऊन जेमतेम सहा-सात हजार वर्षं झालीत.

एकटा उभा खांब बघायला आपल्या जिल्ह्यातही आहे, मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या शेजारची हडबीची शेंडी, थम्स अप म्हणतात ती. तिथं समुद्राचा संबंध नाही, ऊनपाऊस आणि ओढ्यांनी आजूबाजूचा बेसॉल्ट नेला आणि ती मागे राहिली. दगड चिवट म्हणून घड्याळ फारच हळू, अपॉसल्सचं मात्र माणसाच्या आयुष्यात मोजता येईल इतकं फास्ट.

तर जाणार असाल तर नुसतं वरून बघून परतू नका. जवळच गिब्सन स्टेप्स आहेत, ८६ पायऱ्या उतरून खाली बीचवर जाता येतं आणि सुमारे ७० मीटरचा कडा खालून बघता येतो, थर, भेगा, तळाची खाच सगळं तिथं कळतं. समुद्र खवळलेला असेल तर पायऱ्या बंद ठेवतात, मग लंडन ब्रिजची उरलेली कमान बघा आणि मध्ये जी मोकळी जागा दिसते तिथं लोक चालायचे हे पोरांना दाखवा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर अंधार पडताना छोटे पेंग्विन पाण्यातून बीचवर येतात, वीतदीड वीत उंचीचे, दुर्बीण असली तर बरं. जॅकेट उन्हाळ्यात पण न्या, वारा फार असतो. आणि कठडा ओलांडून सेल्फी नको, तुम्ही उभे आहात त्याच्या खाली दगड आहे की पोकळी हे वरून कळायला काहीच मार्ग नसतो.