मूर्तिपूजा (हिंदू धर्म)

मूर्तीत देवतेचे आवाहन करून तिला पाहुण्यासारखे, राजासारखे किंवा घरच्या लेकरासारखे उपचार अर्पण करण्याची उपासनापद्धती. संस्कृत ग्रंथांत मूर्तीसाठी प्रतिमा, अर्चा, बिंब, विग्रह असे शब्द येतात. ‘हिंदू दगडाला देव मानतात’ असे सरसकट म्हटले जाते. ते कितपत खरे, हे पोथीतल्या वादांपेक्षा प्रत्यक्ष पूजाविधीतून लवकर कळते.

गणेश चतुर्थीला घरी आणलेली मूर्ती पाटावर बसवली, तरी विधीच्या दृष्टीने ती अजून मातीच असते. यजमान तिच्या हृदयाला हात लावतो, प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले जातात, पंधरा संस्कारांच्या सिद्धीसाठी पंधरा वेळा ओंकार होतो आणि दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात. त्यानंतर आसन, पाद्य, अर्घ्य असे सोळा उपचार. निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा करून अक्षता वाहतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. तेवढ्या हालचालीने देवता मूर्तीतून गेली असे मानायचे. हातावर दही आणि सोबत शिदोरी देऊन पाण्यात सोडली जाते ती मातीच. शाळिग्राम (विष्णूरूप मानली जाणारी शिळा) आणि बाण (शिवलिंग म्हणून पूजला जाणारा नैसर्गिक गोटा) यांना मात्र हे आवाहन-विसर्जन लागत नाही. त्यांत देवतेचे सान्निध्य मुळातच आहे अशी श्रद्धा आहे. मातीच्या गणपतीशेजारी एखादी सुपारी ठेवून तिच्यावरही देवतेचे आवाहन करता येते. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार दिले आहेत: दगड, लाकूड, धातू, लेप, चित्र, वाळू, रत्न आणि मन. मनातली प्रतिमा या यादीत इतरांच्या बरोबरीने बसते, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

वैदिक उपासना यज्ञप्रधान होती, तिच्या केंद्रस्थानी अग्नी होता. व्याकरणकार पाणिनीच्या ‘जीविकार्थे चापण्ये’ या सूत्रात मात्र उपजीविकेसाठी असलेल्या, पण विकायच्या नसलेल्या प्रतिमांचा विचार आहे, आणि त्यावरच्या महाभाष्यात पतंजली सांगतो की सोन्याच्या लोभाने मौर्यांनी प्रतिमा करवल्या. म्हणजे तोवर मूर्ती समाजात रुळल्या होत्या. पुढे शैव आणि वैष्णव आगमांनी, म्हणजे उपासनेच्या शास्त्रग्रंथांनी, मूर्तीची मापे, प्रतिष्ठा आणि नित्यपूजा बारकाईने बांधून दिली.

मूर्ती म्हणजे नेमके काय, याचे उत्तर परंपरेत एक नाही. निर्गुण ब्रह्म मानणारे शंकराचार्य ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शाळिग्रामातल्या विष्णूचा दाखला देतात. चित्त एकाग्र करायला ते स्थान आहे. वैष्णव आचार्य रामानुजांच्या परंपरेत मूर्ती हा ‘अर्चावतार’, म्हणजे भक्तांसाठी देवाने स्वतः घेतलेला अवतार. गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताची उपासना देहधाऱ्यांना अधिक कष्टाची म्हटली आहे, आणि मूर्तिपूजेच्या समर्थनार्थ बहुतेक वेळा हेच वचन पुढे येते.

‘मूर्ती हे केवळ प्रतीक’ असे आज घराघरांत मुलांना सांगितले जाते. ते अर्धेच उत्तर आहे. पंढरपुरात आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात, कारण देव रात्रंदिवस दर्शन देत उभा असतो. पाठीला टेकायला लोड दिला जातो. वारी सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळतात, देवाला स्नान घालतात आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात. प्रतीकाला कोणी काढा देत नाही. त्याच परंपरेतले तुकोबा मात्र सांगतात की मातीचा पशुपती केला तरी पूजा शिवाला पावते आणि माती मातीत मिळते. जिव्हाळा आणि विवेक वारकऱ्याच्या मनात असे शेजारी-शेजारी नांदतात.

विरोधही आतूनच झाला. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाने इतर देवतांची पूजा नाकारली, पण पंथाचे संस्थापक चक्रधरांच्या सहवासाने पावन झालेली स्थाने वंदनीय मानली. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मो समाज आणि 1867 साली मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज यांनी निराकार ईश्वराची उपासना स्वीकारली. स्वामी दयानंदांनी 1869 मध्ये काशीच्या पंडितांशी याच विषयावर शास्त्रार्थ केला; दोन्ही बाजूंनी आपलाच विजय सांगितला. 1875 मध्ये मुंबईत त्यांनी आर्य समाज स्थापला. यजुर्वेदातील ‘न तस्य प्रतिमा अस्ति’ हे त्यांचे मुख्य प्रमाण. मूर्तिपूजक पंडित तिथे ‘प्रतिमा’ शब्दाचा अर्थ ‘तोड, बरोबरी’ असा घेतात.

या साऱ्या टीकेहून बोचरे वचन भागवतातच आहे. तिसऱ्या स्कंधात कपिल मुनी सांगतात की सर्व भूतांत असलेल्या ईश्वराची उपेक्षा करून जो मूर्ती पूजतो, तो राखेत आहुती टाकतो. ज्या देवळांत हे पुराण भक्तिभावाने ऐकले जात होते, त्यांचीच दारे अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंद होती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तो अनेक वर्षे चालूनही दार उघडले नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून दर्शन घेण्याची पंढरीची रीत सर्वांना खुली व्हावी म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले.