कवळी ढिली झाली? आधी हे वाचून घ्या

आमच्याकडे येणाऱ्यांची सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे "दोन वर्षांपूर्वी मस्त बसायची, आता बोलताना हलते, कवळी झिजली वाटतं." कवळी एवढ्यात झिजत नाही हो, झिजतं ते तिच्याखालचं हाड. दात जागेवर असतो तोवर चावण्याचा दाब मुळातून हाडाला मिळत राहतो आणि हाड टिकतं, दात काढला की ते बसायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, नंतर हळूहळू पण थांबत मात्र नाही. म्हणजे कवळी तीच राहते आणि जबडा बदलतो.

म्हणून दात काढल्यावर लगेच पक्की कवळी करायची घाई आम्ही करत नाही, हिरड्या भरून यायला साधारण दोन-तीन महिने जाऊ देतो. तोवर बिनदाताचं फिरायचं नसेल तर दात काढायच्या आधीच माप घेऊन त्याच दिवशी बसवायची तात्पुरती कवळी करता येते, फक्त ती काही महिन्यांत ढिली होणार आणि आतून नवीन थर द्यावा लागणार (आम्ही त्याला रिलायनिंग म्हणतो) हे आधीच धरून चाला.

पूर्ण कवळीला चार-पाच चकरा होतात. आधी साधं माप, मग त्यावरून तुमच्या जबड्यापुरता ट्रे बनवून बारीक माप, मग मेणावर दोन्ही जबडे मिटतात कसे ते बघायचं, मग मेणातले दात तोंडात लावून ट्रायल. ट्रायलला घरचं कुणीतरी सोबत आणाच, कारण दात मोठे वाटतात का, ओठ पुढे आलाय का हे आरशात स्वतःला लवकर कळत नाही, आणि मेणात असेपर्यंत सगळं बदलता येतं, नंतर अवघड.

खालची कवळी वरचीएवढी घट्ट कधीच बसत नाही, हे स्पष्ट सांगतो. वरची अख्ख्या टाळूवर पसरते आणि मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते, दोन ओल्या काचा चिकटतात ना तसं. खालची घोड्याच्या नालेसारखी, टेकायला जागा कमी, त्यात जीभ सारखी ढकलणार आणि वर्षानुवर्षात खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. फारच त्रास होत असेल तर खाली दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे छोटे स्क्रू) टाकून त्यावर कवळी अडकवता येते, खर्च वाढतो पण फरक खूप पडतो.

पहिले काही आठवडे लाळ जास्त सुटेल, स आणि श नीट येणार नाहीत, रोज थोडा वेळ मोठ्याने वाचा. मऊ खा, छोटे घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावा, पुढच्या दातांनी तोडू नका. कवळीने चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या पाव-एक भागच असते त्यामुळे खायला वेळ लागतो, त्यात तुमचं काही चुकत नाही. घरी कानस घेऊन घासायचं किंवा मोडली तर फेविक्विकने चिकटवायचं मात्र प्लीज करू नका, ती नंतर आम्हालाही नीट जोडता येत नाही.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. चोवीस तास घातली की खालची कातडी लाल होते, बुरशी धरते. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो, आणि टूथपेस्टने चरे पडून त्यात घाण साचते, त्यापेक्षा मऊ ब्रश आणि भांडी घासायचं लिक्विड बरं. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटून फुटलेल्या कवळ्या कमी नाही आल्या आमच्याकडे.

एकही दात नसला तरी वर्षातून एकदा तोंड दाखवून जा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर कवळी लागली असेल म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा. आणि कवळी टोचते म्हणून याल तेव्हा आदल्या दिवशी थोडा वेळ तरी घालून या, बरेचजण चार दिवस काढून ठेवतात आणि मग टोचलेली खूणच दिसत नाही, घासायचं कुठे ते कळायचं कसं?