तीसपर्यंत पाढे पाठ म्हणजे गणित पक्कं?

"पूर्वी पोरांना पावकी, निमकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) पाठ असायची म्हणून गणित पक्कं होतं, आता समजून घ्यायच्या नादात सगळं गेलं" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. असं वाटणं साहजिक आहे, कारण पाठांतराने स्पीड येतो हे खरंच, आणि दहापर्यंतचे पाढे तोंडावर असलेले चांगलेच. पण पाढा उत्तर सांगतो, गुणाकार कधी आणि का करायचा ते नाही सांगत.

घरीच चेक करा. सतराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधूनच विचारा, सतरा साते किती? बऱ्याचदा ते सतरा एके सतरापासून सुरू करतं (आम्हीपण तेच करायचो). मग विचारा, विसरलास तर कसं काढशील? दहा साते 70 आणि सात साते 49, मिळून 119, असं सांगितलं तर गुणाकार कळलाय, आणि मग 29 सक पाठ नसलं तरी 30 सक 180 मधून 6 वजा करून 174 येतंच. नाही जमलं तर 17 ओळींत 7-7 शेंगदाणे मांडा आणि दहाव्या ओळीनंतर पट्टी ठेवा, 70 आणि 49 वेगळे दिसतात.

आणि पावकी-निमकी? 16 आण्यांच्या रुपयात ती रोजच्या हिशोबाला लागायची, म्हणूनही लक्षात राहायची.