इंडी ट्रेल की इंडी 500? दोन्ही 488 सीसी, पण गाड्या वेगळ्या

अमेरिकेतल्या मिनेसोटात जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, शोधायला निघालात की पोलॅरिस कंपनीची इंडी हमखास समोर येते. 1990 च्या सुमाराची इंडी ट्रेल आणि इंडी 500 शेजारी उभ्या केल्या, तर बॉनेट उघडल्याशिवाय नवख्याला फरक कळत नाही. दोन्हींना दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, तेही 488 सीसीचंच. नावातल्या 500 वरून ते इंजिन मोठं असेल असं वाटतं, तिथेच माणूस फसतो. पाहायचं ते इंजिन थंड कसं होतं.

ट्रेलला पंखा आहे. ज्याने जुनी चेतक उघडून पाहिली आहे त्याला हे लगेच समजेल: इंजिनावर आवरण, आत पंखा, आणि त्याची हवा सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पातळ पात्यांवरून. पाणी नाही, म्हणून गळतीही नाही. आवाज मात्र जास्त.

500 कूलंटवर, म्हणजे इंजिनातून फिरणाऱ्या द्रवावर थंड होते, आणि तिची गंमत मला फार आवडते. ट्रॅकच्या, म्हणजे गाडीला पुढे ढकलणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या वर, आपण बसतो त्याखाली, ॲल्युमिनियमचे कूलर असतात. ट्रॅकने उडवलेला भुसभुशीत बर्फ त्यांना चिकटतो, वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. म्हणजे बर्फ हा त्या इंजिनाचाच एक भाग! ताज्या बर्फात तापमान छान स्थिर राहतं, लांब पल्ल्याला गाडी दमत नाही. पण गोठलेल्या तळ्यावर, घट्ट काचेसारख्या पृष्ठभागावर, उडायला बर्फच नसतो आणि इंजिन तापायला लागतं. तळ्यावर मासेमारीला जायचं असेल तर मी ट्रेलच घ्या म्हणेन.

तरी ट्रेलही अशा काचेसारख्या बर्फावर मैलोनमैल दामटू नका. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना ओलावा भुसभुशीत बर्फाचाच मिळतो. तो नसला की पट्ट्या वितळतात, मग इंजिन कुठलंही असो.

कुठलीही घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आहेत ना, हे महत्त्वाचं. 500 असेल तर ती पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा, वाकून कूलरच्या जोडांवरून बोट फिरवा. चिकट, गोडसर वासाचा ओलावा लागला तर तो कूलंट.